निम्मं चाक पाणी

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र लिहायला कारण आहे आणि ते अंगणात साइड स्टँडवर उभं आहे. मी मोटरसायकल घेतली! सेकंडहँड आहे, टाकीला डाव्या बाजूने पोचा आलाय आणि हॉर्न मनात आलं तर वाजतो. पण माझी आहे. आईने पहिले दोन दिवस तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मात्र फडकं घेऊन आरसे पुसत होती.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये मला लॅबमधून दहा दिवस सुट्टी मिळतेय. सहा वर्षं लोकांचं रक्त काढतेय, एवढी सलग सुट्टी पहिल्यांदाच. मी तुझ्या रस्त्याने जाणार आहे. हो, तोच. डांबर संपतं तिथून खिंडीपर्यंत साठ किलोमीटर खडी. बावीस वर्षांपूर्वी तू गेलास तशीच, एकटी.

आई अर्थातच नाही म्हणाली. मग दोन दिवस भांडी आपटून झाल्यावर म्हणाली, "मामाला विचार. तो गेलाय तिथून. जमण्यासारखं आहे असं त्याने लिहून दिलं तर जा. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही." तर सगळं तुझ्या हातात आहे.

फोनवर सांगू नकोस, लिहून दे. तो कागद मी टाकीवर चिकटवणार आहे. शेवटचा पेट्रोल पंप कुठे? मधल्या ओढ्याला पाणी किती असतं? वळणं कशी आहेत? तुला आठवतं ते सगळं लिही. तुझा शब्द म्हणजे माझा नकाशा, असं समज.

खिंडीतला तुझा फोटो, हँडलवर हात आणि मागे बर्फ, अजून आमच्या फ्रिजवर आहे. मी गाडी शिकले ती त्या फोटोमुळे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझी,
डास


२१ फेब्रुवारी

प्रिय डास,

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा एक आजोबा चष्म्याचा नंबर काढायला समोर बसून तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा म्हणत होते. दिसत काही नव्हतं, बाहेर बाकावर बसल्या बसल्या आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून पाठ केली होती. त्यांना तसंच बसवून ठेवलं आणि पत्र वाचलं.

लहानपणी कानाशी गुणगुण करायचीस म्हणून मी तुला डास म्हणायला लागलो. पुढे खरोखरच रक्त काढायला लागलीस, आणि आता डोंगरावर उडायला निघालीस. धन्य आहेस.

खरं सांगू का, तो रस्ता आता पूर्वीचा राहिला नसेल. डांबरी होऊन त्यातली मजाही गेली असेल. त्यापेक्षा समुद्राकडे का जात नाहीस? सरळ रस्ता, छान वारा. पण विचारलंयस तर सांगतो.

शेवटचा पंप डांबर संपायच्या जरा आधी आहे. टाकी गच्च भर, वर एक कॅन घे. ओढ्याचं फार मनावर घेऊ नकोस. निम्मं चाक भिजतं, बस. न थांबता पलीकडे जायचं. त्यानंतर घाट. वळणं घट्ट आहेत, दोन ठिकाणी तर मागेपुढे करावं लागतं. डाव्या हाताला दगडी कठडा आहे आणि कठड्यापलीकडे खाली तळं दिसतं, निळंशार. खिंडीपर्यंत ते सोबतीला असतं. मी तर त्याच्याकडे बघत बघतच चढलो.

अक्काला सांग, जमण्यासारखं आहे. मी सांगतोय म्हणून सांग.

तुझा,
मामा


४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र लेकीने मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तर तळ्याचा भाग तिला पाठच होता.

मी हो म्हटलंय. मनापासून नाही म्हटलं, तुझ्या भरवशावर म्हटलं. हिचे बाबा गेल्यापासून मला ही एकटीच आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. गॅरेजवाले, मैत्रिणी, लॅबमधले डॉक्टर, सगळे काही ना काही सांगतात. मी कुणाचं कानावर घेत नाही. जो स्वतः जाऊन आला त्याचंच खरं.

आपले बाबा शेवटच्या आजारपणात तुझा तो फोटो उशाशी ठेवायला सांगायचे. तुला लहानपणी नाही नाही ते बोलले ते त्यांना लागून राहिलं होतं. "आपलं चुकलं, पोरगं घाबरट नव्हतं," असं मला म्हणाले होते. आज सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तब्येत सांभाळ. सारखा भिंगांत डोळे घालून बसतोस, स्वतःच्या डोळ्यांचाही नंबर काढ कधीतरी.

अक्का


३० मार्च

प्रिय मामा,

तुझ्यापायी मी आज भांडले. गंमत ऐक.

मी ज्यांच्याकडे गाडी दुरुस्त करायला शिकतेय ते गॅरेजवाले काका त्या रस्त्याने दोनदा गेलेत. मला आजच कळलं. मोठ्या ऐटीत त्यांना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं आणि म्हणाले, "तुझे मामा उंच आहेत का गं?" मी म्हटलं, छे, माझ्याएवढेच. तर म्हणाले, कठडा उभ्या माणसाच्या गळ्याला लागतो. गाडीवर बसून पलीकडचं काही दिसत नाही. मी म्हटलं, माझा मामा उभा राहून चालवत असेल! मग म्हणाले, मोटरसायकलला वळणावर मागेपुढे कशाला करावं लागेल? मी म्हटलं, जपून चालवत असेल. तर हसले. मला ते हसणं आवडलं नाही. मी पाना टेबलावर आपटून घरी आले.

त्याआधी त्यांना फोटोही दाखवला होता. तो बघून ते फक्त एवढंच म्हणाले, "टायर किती स्वच्छ आहेत." फोटोसाठी धुतलेस का रे? खरं सांग, तू आहेसच तसला हौशी!

बाकी सराव जोरात चाललाय. कालव्याच्या फरशीवरून पाणी वाहतं तिथे रोज गाडी घालते. बरोबर निम्मं चाक. पहिल्यांदा बंद पडली, आता सरळ निघते. म्हणजे तुझा ओढा मी निम्मा जिंकलाच म्हणायचं.

तुझी,
डास


१४ एप्रिल

प्रिय डास,

गॅरेजवाल्यांचं एवढं मनावर घेऊ नये. दोनदा गेले म्हणजे फार झालं असं नाही. कठडा ठिकठिकाणी पडलेला होता, तिथून तळं दिसायचं. टायर धुतले होते, हो.

पाण्याचं मात्र मी अंदाजाने लिहिलं होतं. बावीस वर्षं झाली. दीड वीत जास्तच धर. आणि नीट विचार केल्यावर मला वाटतं, तू एकटीने जाऊ नयेस. चारपाच जणांबरोबर जा, नाहीतर पुढच्या वर्षी जा. तुझा अजून हात बसलेला नाही. घाई कसली आहे?

माझी पाठ सध्या दुखते, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

मामा


२ मे

मामा,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं.

"तुझा हात बसलेला नाही." तू मला गाडी चालवताना बघितलंयस का? फेब्रुवारीत जमण्यासारखं होतं, एप्रिलमध्ये ओढ्याला दीड वीत पाणी वाढलं. मधल्या काळात काय झालं? मी खरंच जाणार आहे हे तुझ्या लक्षात आलं, एवढंच ना! शेजारचे म्हणतात, लॅबमधले म्हणतात, मुलीच्या जातीला जमायचं नाही. तू तसा नाहीस असं मी सगळ्यांना सांगत होते. तू गेलास तेव्हा तुला कुणी चारपाच जण बरोबर ने म्हणालं होतं का?

आईला तुझं हे पत्र दाखवलेलं नाही. मी चौदा जूनला निघतेय. पहिल्या पत्रात लिहिलंयस तेच माझ्या टाकीवर चिकटवलंय, कारण ते लिहिताना तू घाबरलेला नव्हतास. ओढ्यात न थांबता गाडी घालणार. तू गेलास तशीच.

आता सल्ले नकोत. लिहू नकोस.

डास


१९ मे

प्रिय डास,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. हे पत्र निवांत बसून वाच आणि पूर्ण वाच.

मी तो रस्ता मोटरसायकलने केलेला नाही.

हे एवढंसं वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले. फोन करून सांगता आलं असतं. तीनदा लावला. तिन्ही वेळा अक्काने उचलला आणि तिन्ही वेळा मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

झालं ते असं. डांबर संपल्यावर चौथ्या किलोमीटरला पहिला उतार लागतो. सुटी खडी होती, पायाखालून सरकणारी. मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी माझ्याखालून निघून गेली. लागलं म्हणावं असं काही नाही. गुडघा खरचटला, एक आरसा फुटला. गाडी उचलून उभी केली, पण तिच्यावर बसता येईना. पाय टाकायचो आणि परत खाली घ्यायचो. रस्त्याच्या कडेला एक दगड होता, त्यावर दोन तास बसून राहिलो आणि रडलो. बाबा मला लहानपणापासून घाबरट म्हणायचे. ते खोटं पाडायला मी एवढ्या लांब गेलो होतो, आणि चार किलोमीटरमध्ये ते खरं ठरलं.

मग सिमेंटच्या गोण्या घेऊन एक ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला. मागचा फाळका पाडला, आम्ही दोघांनी गाडी फळीवरून वर ढकलली, गोण्यांना टेकवून दोरखंडाने बांधली. मी त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. उरलेले छप्पन किलोमीटर मी असा गेलो.

तुला जे जे लिहिलं ते त्या केबिनच्या काचेतून पाहिलेलं आहे. तळं दिसलं, कारण मी कठड्याहून उंच बसलो होतो. वळणावर मागेपुढे करावं लागलं ते ट्रकला. आणि डास, निम्मं चाक पाणी म्हणजे ट्रकचं चाक. त्याचं अख्खं चाक माझ्या कमरेच्या वर येत होतं. मी खिडकीतून खाली वाकून बघितलं आणि मनाशी म्हटलं, निम्मंच तर भिजतंय. तेवढ्या पाण्यात तुझ्या गाडीचं इंजिन बुडेल. पाण्याला ओढ किती होती ते मला सांगता येत नाही. ट्रकला ती जाणवलीच नाही. दीड वीत जास्त धर म्हणालो तेही असंच, तोंड लपवायला. खरा आकडा मला माहीत नाही. तू कालव्यावर रोज जो सराव करतेयस तो माझ्या खोटेपणाचा सराव आहे. कृपा करून तो कागद टाकीवरून काढ.

खिंडीत त्या ड्रायव्हरनेच गाडी उतरवायला लावली. म्हणाला, "फोटो काढून घ्या. घरी लागेल." तो चेष्टा करत नव्हता. त्यानेच फोटो काढला, मग पुन्हा गाडी चढवली आणि मला पलीकडच्या बाजूला डांबरावर नेऊन सोडलं.

डांबरावरून हळूहळू घरी आलो. बाबांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यातली पहिली. मी सांगणार होतो गं. पण त्या थापेनंतर तोंड उघडलं ते भलतंच बोलायला. मग घरात चार माणसं जमली की कुणीतरी विषय काढायचं आणि मी तिखटमीठ लावून सांगायचो. तू मांडीवर बसून ऐकायचीस. गाडी मी महिन्याभरात विकली. त्या रस्त्यानंतर दुसरा रस्ता गोड लागेना, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तिच्यावर पुन्हा बसायची हिंमत झाली नाही. बाबा गेले तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तोवर तुझं तो फोटो बघणं सुरू झालं होतं.

तक्त्याची ओळ पाठ करून आलेले ते आजोबा आठवतात? मी त्यांना हसलो होतो. बावीस वर्षं मी वेगळं काय केलं?

पडलो, रडलो, ट्रकमध्ये बसलो, याची लाज आता फारशी उरलेली नाही. लाज वाटते ती फेब्रुवारीची. तू स्पष्ट लिहिलं होतंस की माझा शब्द तुझा नकाशा आहे, आणि तरी मी मान वर करून "निम्मं चाक" लिहिलं. गॅरेजवाल्या काकांनी मला बरोबर पकडलं होतं, तर त्या भल्या माणसाला मी खोटं पाडलं. मुलगी म्हणून मला तुझ्यावर भरवसा नाही असं तू समजलीस, तेव्हा दोन दिवस वाटलं की बरंच झालं, तसंच समजू दे. इतका हलका निघालो मी. बाबांचे शब्द अक्काने मार्चमध्ये लिहून कळवले, तेव्हापासून दुकानात लावलेल्या त्या फोटोकडे बघवत नाही.

जाऊ नकोस म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. जायचंच असेल तर त्या काकांची माफी माग आणि त्यांना विचारून जा. अक्काला हे पत्र दाखव.

मामा


८ जून

डास,

पत्र मिळालं का? नुसतं हो किंवा नाही लिही. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मामा


२६ जून

मामा,

पत्र मेमध्येच मिळालं होतं. नंतरची चिठ्ठीही मिळाली. "हो" एवढंही लिहिलं नाही, कारण तू वाट बघावीस असं मला वाटत होतं. फार चांगलं वाटत नव्हतं, तरी वाटत होतं.

तुझं मोठं पत्र आलं त्या दिवशी मी लॅबमध्ये एका बाईंच्या हातात दोनदा सुई चुकवली. सहा वर्षांत असं झालं नव्हतं. घरी येऊन टाकीवरचा कागद खरवडून काढला. डिंकाचा डाग राहिलाय. मग काकांकडे गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातात पाना दिला आणि म्हणाले, "चाक खोल."

मी गेले, मामा. आणि आले.

चौथ्या किलोमीटरला उतार आला. मला माहीत होतं म्हणून पुढच्या ब्रेकला हात लावला नाही. तरी पडले. तो दगड अजून आहे, बसण्याजोगा. मी त्यावर बसले. रडले नाही, शिव्या दिल्या, बहुतेक तुलाच. अर्ध्या तासाने उठले. तुझ्या सगळ्या पत्रांतली तोवर एवढीच गोष्ट माझ्या उपयोगी पडली, की इथे माणूस पडतो.

ओढ्यावर दुपारी पोचले. काठी धरून आत पाऊल टाकलं. दोन पावलांत पाणी मांडीला लागलं आणि पायाखालचे गोटे सरकायला लागले. काठी हातातून गेली. ती ज्या वेगाने गेली ते बघत मी काठावर उभी राहिले. न थांबता गाडी घालायची, हे मी तीन महिने स्वतःला बजावलं होतं. तुझं पत्र आलं नसतं तर मी घातली असती. हे तू नीट वाच.

बर्फ दिवसा वितळतं, म्हणून सकाळी पाणी कमी असतं, असं काकांनी सांगितलं होतं. तिथेच तंबू टाकला. सकाळी बघितलं तर पाणी उतरलं होतं, पण गुडघ्याच्या वर होतंच. धीर होईना. मग एक ट्रक आला. मी हात केला आणि गाडी वर चढवली. ओढ्यापुरती. पलीकडे उतरवून पुढे गेले. आईला सांगितलं, लॅबमध्ये सांगितलं, काकांना सांगितलं. कुणी नावं ठेवली नाहीत. काका म्हणाले, शहाणी आहेस.

कठडा काका म्हणाले तेवढाच आहे. गाडीवरून तळं एकदाही दिसत नाही. तिसऱ्या वळणावर गाडी लावून मी कठड्यावर चढले. निळंशार आहे. तेवढं खरं लिहिलं होतंस.

तुझा फोटो खिंडीत दगडाखाली ठेवून यायचं असं घरून ठरवून निघाले होते. तिथे गेल्यावर ठेववला नाही. परत आणलाय. पण फ्रिजवर लावलेला नाही, खणात आहे.

आता आईचं. तुझं पत्र मी तिला दाखवलं नाही. आधी दाखवलं असतं तर तिने मला सोडलं नसतं, हा माझा स्वार्थ. दहा दिवस ती शेजारच्या मावशींना सांगत होती, "माझा धाकटा गेलाय त्या रस्त्याने, मला काळजी नाही." मी घरात पाऊल टाकलं तर पहिलं वाक्य, "बघ, मामाने सांगितलं होतं तसंच होतं ना?" मी हो म्हटलं. तुझ्यासाठी खोटं बोलले, मामा. जेवताना तिच्याकडे बघवेना. तू बावीस वर्षं कसा जेवलास?

पुन्हा खोटं बोलणार नाही. तुझं पत्र सोबत परत पाठवतेय. ते तिला मी दाखवायचं नाही, तू दाखवायचंस.

डास


१ जुलै

प्रिय अक्का,

सोबत एक पत्र आहे, १९ मेचं. मी तुझ्या लेकीला लिहिलेलं. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस?

बाबांना आता सांगता येत नाही. तुला सांगता येत होतं आणि मी सांगितलं नाही. तू लेक माझ्या भरवशावर सोडलीस. ती धडधाकट परत आली, पण त्यात माझा हात नाही, गॅरेजवाल्या काकांचा आहे आणि तिच्या स्वतःच्या अकलेचा आहे. माझ्या पहिल्या पत्राप्रमाणे गेली असती तर काय झालं असतं, तो विचार मी रोज करतो आणि अर्ध्यावर सोडून देतो. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्याशी जे खोटं बोलली ते माझ्यासाठी.

दुकानातला फोटो उतरवलाय. तक्त्याशेजारी भिंतीवर पांढरा चौकोन उरलाय. गिऱ्हाइकं विचारतात. सांगतो, ट्रकने गेलो होतो. पहिल्यांदा सांगताना हातातलं भिंग खाली पडलं.

रविवारी सकाळी अकराला फोन करीन. उचललास तर बरं. या वेळी हवापाण्याचं बोलणार नाही.

तुझा,
धाकटा